डिजिटल सायनेज म्हणजे टीव्ही अन् पेन ड्राइव्हच ना? संस्थेसाठी माहिती हवीये

कागदी_नोटीस

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेत सगळीकडे कागदी नोटिसा लागतात, रिसेप्शन, लिफ्टजवळ, ट्रेनिंग हॉलच्या बाहेर, आणि त्यातल्या अर्ध्या जुन्या झालेल्या असतात तरी कुणी काढत नाही. आता वरून सांगणं आलंय की डिजिटल सायनेज (कागदाऐवजी स्क्रीनवर सूचना) बसवा आणि चौकशीचं काम माझ्याकडे दिलंय. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे, टेक्निकल माहिती बेताचीच. व्हेंडरशी बोलले तर जो तो स्क्रीनच्या साइझपासूनच सुरू करतो. मला साधी शंका अशी की मोठा टीव्ही घेतला आणि पीपीटीचा व्हिडिओ करून पेन ड्राइव्हवर लावला तर भागत नाही का? वेगळं सॉफ्टवेअर, प्लेअर हे सगळं कशाला लागतं? आणि लोक खरंच बघतात का, की थोड्या दिवसांत कुणाचं लक्षच जात नाही? ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा प्लीज.

प्लेलिस्ट

एकच स्क्रीन असेल आणि मजकूर क्वचित बदलणार असेल तर पेन ड्राइव्ह चालतो, त्यात काही चूक नाही. पण तुम्ही म्हणताय तशा चार-पाच जागा असतील तर प्रत्येक बदलाला कुणीतरी स्टूल घेऊन फिरणार, आणि मग बदल होतच नाहीत, म्हणजे कागदी नोटिशीचं जे झालं तेच परत.

सायनेजमध्ये मुळात चार गोष्टी असतात. स्क्रीन, तिला चित्र पुरवणारा प्लेअर, सगळं जिथून चालतं ते सॉफ्टवेअर (सीएमएस म्हणतात त्याला) आणि मधलं नेटवर्क. प्लेअर म्हणजे मागे लावलेला छोटा बॉक्स, ब्राइटसाइनसारखा खास त्याच कामाचा असतो किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक), अँड्रॉइड बॉक्स, मिनी पीसी काहीही चालतं. सॅमसंग आणि एलजीच्या सायनेज पॅनेलमध्ये टायझन आणि वेबओएस या त्यांच्या सिस्टिमवर चालणारा प्लेअर आतच असतो, मग बॉक्सही नको आणि वायरींचा पसाराही नको. चांगला प्लेअर फाइल आधी स्वतःकडे उतरवून घेतो आणि तिथूनच दाखवतो, त्यामुळे नेट गेलं तरी स्क्रीन काळी पडत नाही. व्हेंडरला हे नक्की विचारा, कारण नुसतं वेबपेज उघडून दाखवणाऱ्या स्वस्त सेटअपमध्ये नेट गेलं की एरर दिसत राहते.

तुमच्या मूळ दुखण्यावर औषध सीएमएसमध्ये आहे. प्रत्येक नोटीस टाकताना ती कधीपासून कधीपर्यंत दिसणार ते आधीच भरायचं, तारीख उलटली की ती आपोआप जाते, कुणी काढायची वाट बघावी लागत नाही. शिवाय कुठल्या स्क्रीनवर काय, सकाळी काय, संध्याकाळी काय हे सगळं एका जागेवरून ठरवता येतं. मी तर म्हणेन की शेवटची तारीख न भरता कुणाला काही टाकताच येऊ नये असा नियमच करा.

करून बघायचं असेल तर अँथियस आहे, ओपन सोर्स, रास्पबेरी पायवर चालतं, आधी याचं नाव स्क्रीनली ओएसई होतं. पण त्यात प्रत्येक स्क्रीन वेगळी सांभाळावी लागते. जास्त स्क्रीन असतील तर झिबो बघा, त्याचा सीएमएस स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतो.

आता टीव्हीचं. घरचा टीव्ही दिवसातले काही तास चालेल या हिशोबाने बनवलेला असतो. सायनेज पॅनेलवर 16/7 किंवा 24/7 असं लिहिलेलं असतं म्हणजे रोज तितके तास चालवायला ते बनवलंय. घरगुती टीव्हीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या व्यावसायिक वापराला देत नाहीत, कागदपत्रं वाचून घ्या. उभा लावायचा असेल तर तो उभा चालवायला बनवलाय का तेही बघा, नाहीतर आतली उष्णता नीट बाहेर पडत नाही. ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात, साध्या टीव्हीला साधारण 250 ते 400 असतो, आतल्या भिंतीला तेवढा पुरतो पण काचेतून बाहेरच्यांना दिसावी अशी उन्हातली स्क्रीन असेल तर 2500 च्या आसपास लागतो. आणि ओएलईडी प्रकारचा पडदा घेऊ नका, कोपऱ्यात सतत लोगो राहिला की त्याचा डाग पडतो.

दोन_ओळी

वरच्याशी पूर्ण सहमत, पण "लोक बघतात का" याचं उत्तर पॅनेलमध्ये नाही, मजकुरात आहे. मी डिझाइनचं काम करतो आणि पीपीटी जशीच्या तशी भिंतीवर लावलेली बघितली की खरंच वाईट वाटतं, कारण वाचणारा माणूस उभा राहतच नाही.

आधी प्रत्येक जागेवर थोडा वेळ उभं राहून बघा की माणूस तिथे काय करतोय. कॉरिडॉरमधून तो चालत जातो, त्याच्याकडे मोजके सेकंद असतात, तिथे एक स्लाइड, एकच गोष्ट, फार तर पंधरा शब्द. लिफ्टजवळ किंवा रिसेप्शनला तो थांबलेला असतो, तिथे थोडं सविस्तर चालेल, आणि क्यूआर कोड टाकायचा तर इथेच, कारण चालता चालता कुणी फोन काढत नाही. कोडचा आकार स्कॅन करायच्या अंतराच्या दहाव्या भागाइतका तरी ठेवा, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर वीस सेंटिमीटर. अक्षरांचा ठोकताळा असा की 10 फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान 1 इंच उंच हवं. स्लाइड स्वतः दोनदा वाचून होईल इतका वेळ ती राहू द्या.

कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) निदान 4.5:1 ठेवा, वेबसाइटच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमात हाच आकडा आहे आणि नजर कमजोर असलेल्यांना खरंच फरक पडतो. त्याच नियमात असंही आहे की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकवू नये, काही लोकांना त्याने फिट येऊ शकते, तेव्हा लखलखणारी टेम्प्लेटं बाजूला ठेवा. सरकती पट्टी पण टाळा हो, अर्धं वाक्य निघून गेल्यावर माणसाची नजर जाते तिकडे.

आणखी एक, देवनागरी मजकूर टाकणार असाल तर खरेदीआधी त्याच प्लेअरवर लावून बघा. काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त (Mukta) असे फॉन्ट टाकून सुटतं बऱ्याचदा, नाहीच सुटलं तर मजकूर इमेज करून टाका.

पोर्ट_बंद

आयटीच्या बाजूने थोडंसं. प्लेअर ऑफिसच्या मुख्य नेटवर्कवर ठेवू नका, वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) करायला सांगा. डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, यूएसबी पोर्ट आणि रिमोटचा सेन्सर बंद ठेवा, नाहीतर येणारा-जाणारा कुणीही काहीही लावेल. विंडोज पीसी प्लेअर म्हणून वापरलात तर अपडेटच्या पॉपअपचा बंदोबस्त करावाच लागतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभर विंडोज मशीन पडली तेव्हा विमानतळांवरच्या माहितीच्या स्क्रीन निळ्या झाल्या होत्या आणि काही ठिकाणी फळ्यावर हाताने वेळा लिहिल्या. त्यामुळे स्क्रीन बंद पडली तर ती माहिती लोकांना दुसरीकडे कुठे मिळेल हे आधीच ठरवा, विशेषतः रस्ता दाखवणारी किंवा सुरक्षेची माहिती असेल तर.

कागदी_नोटीस

बापरे, खूपच उपयोगी, मनापासून आभार सगळ्यांचे. एक अडचण आत्ताच दिसतेय. रोज मजकूर कोण टाकणार? एचआर म्हणतं आयटीने टाकावा, आयटी म्हणतं आम्ही फक्त चालू ठेवू, आणि शेवटी ते माझ्यावर येणार असं दिसतंय. माझ्याकडे त्यासाठी वेगळा वेळ नाही. आणि रात्री बंद कसं करायचं, रिमोटने?

प्लेलिस्ट

हा प्रश्न खरेदीच्या आधी आलाय हे फार बरं झालं, कारण सायनेज बंद पडतं ते बहुतेक इथेच, मशीन ठणठणीत असतं पण नवीन काही येत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी लेखी ठरवून घ्या की कुठला विभाग कुठल्या स्क्रीनला काय देणार आणि मंजुरी कुणाची. सीएमएसमध्ये वेगवेगळे लॉगिन देता येतात, ट्रेनिंगवाले फक्त त्यांच्या हॉलची स्क्रीन बदलतील, एचआर त्यांच्या स्लाइड भरतील, तुमच्याकडे फक्त मंजुरीचं बटण. टेम्प्लेट एकदा डिझायनरकडून करून घ्या म्हणजे बाकीच्यांना नुसता मजकूर भरायचा राहतो.

आणि जे आपोआप येऊ शकतं ते माणसाकडून टाइप करून घेऊच नका. ट्रेनिंग हॉलच्या बाहेर आज कुठला वर्ग आहे हे थेट बुकिंग कॅलेंडरमधून उचलता येतं, कॅलेंडरमध्ये हॉल बदलला की दारावर पण बदलतो. माझ्या मते संस्थेतली सगळ्यात कामाची स्क्रीन हीच, कारण त्या क्षणी समोरच्याला तेवढंच हवं असतं. दुसरी कामाची गोष्ट आणीबाणीची सूचना, एका बटणावर सगळ्या स्क्रीनवर बाहेर पडायचा रस्ता दिसला पाहिजे. कॅप म्हणून एक प्रमाणित फॉरमॅट आहे इशाऱ्यांसाठी, काही सीएमएस ते थेट वाचतात, तुमचा वाचतो का विचारा. आगीच्या ड्रिलमध्ये हे पण तपासून घ्या.

रिपोर्टबद्दल सांगतो, सॉफ्टवेअर तुम्हाला अमुक स्लाइड इतक्या वेळा दाखवली असं देईल, ती कुणी वाचली हे त्यात नसतं. त्यापेक्षा रिसेप्शनवर "हॉल कुठे आहे" विचारणारे कमी झाले का हे तिथल्या माणसाला विचारा.

रात्री बंद करायला रिमोट नको. सायनेज पॅनेल आरएस-232 (कंट्रोलची केबल) किंवा लॅनवरून चालू-बंद करता येतं, सीएमएसमध्ये वेळ टाकून ठेवा. साधा टीव्ही असेल तर एचडीएमआय-सीईसीवरून (एचडीएमआय केबलमधूनच चालू-बंदचा हुकूम) जमतं पण प्रत्येक मॉडेल ऐकतंच असं नाही, एक तुकडा मागवून आठवडाभर तपासा आणि मगच बाकीची ऑर्डर द्या.