व्यसनमुक्ती केंद्राच्या फीसाठी सोनं गहाण ठेवावं का?

कृष्णाकाठ

आमच्या नात्यातल्या एका घरात दारूच्या उपचारासाठी सोनं गहाण टाकायचं चाललंय. मुलगा तिशीतला, द्राक्षबाग बघणारा. एका खाजगी केंद्राने सांगितलं की किमान तीन महिने ठेवावं लागेल, तिन्ही महिन्यांची फी आगाऊ, आणि माणसं पाठवून घरून न्यायचे पैसे वेगळे. मी विरोध केला म्हणून मला बोल लागलेत. तरी मत बदललेलं नाही.

फी भरण्यासाठी घर कर्जात घालू नये, असं मला ठामपणे वाटतं. आधी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग गाठावा, केसपेपर काढावा. या आजारात डॉक्टरची खरी निकड असते ती पहिल्या आठवड्यात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होऊ शकतो. तो झटका जिवावर बेतू शकतो. त्यावरची औषधं, व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं, हे सगळं सरकारी दवाखान्यात होतं. कुलूप लावलेल्या हॉलमध्ये वीस जणांना सतरंजीवर झोपवणाऱ्या केंद्रात ते होईलच याची खात्री कोण देणार?

त्यानंतरचं काम वर्ष-दोन वर्षांचं. दर महिन्याचा फॉलोअप, गोळ्या, एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मिटिंग (तिथे फी नसते, टोपी फिरते, जमेल ते टाका), कामावर परत उभं राहणं. घरातला सगळा पैसा पहिल्या तीन महिन्यांत उडाला तर या लांबच्या वाटेसाठी बसभाडंही उरत नाही. मी पाहिलेल्या घरांत माणूस बाहेर आल्यावर तोच वसुलीच्या तगाद्यात सापडतो आणि तिथून पुन्हा गुत्त्यावर.

सावली

दादा, अजिबात सहमत नाही. तुम्ही त्या घरात रात्री राहता का?

केसपेपर काढा म्हणता. कुणी काढायचा? ज्याला काही झालेलंच नाही असं वाटतं तो सकाळी साडेआठला ओपीडीच्या रांगेत उभा राहणार आहे का? माझा नवरा दोनदा गेटवरून परत फिरला. सरकारी वॉर्डमध्ये खाट मिळाली तरी नातेवाईक सोबत लागतो म्हणून सांगितलं. मी कामावर जाऊ, पोरांना शाळेत सोडू की वॉर्डात बसू?

मी खाजगी केंद्रात टाकलं. पैसे माझे गेले आणि त्याचं मला दुःख नाही. त्या काळात माझी मुलं रात्रभर झोपली. मुलगी दाराला खुर्ची लावून झोपायची, ते थांबलं. तुमच्या हिशोबात या झोपेला काही किंमत धरलीय का? उपचार फक्त पिणाऱ्याचा असतो असं बोलू नका. घरातल्यांनाही त्याच्यापासून सुटका लागते, आणि ती कुठल्याच सरकारी योजनेत मिळत नाही.

वॉर्डसिस्टर

मी सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात काम करते. सावलीताई, सोबत्याची अट मी रोज नातेवाइकांना सांगते आणि सांगताना मलाच वाईट वाटतं. माणसं कमी आहेत म्हणून ती अट आहे.

पण "घरून उचलून नेणे" याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात मानसिक आजार म्हणून धरल्या आहेत. ज्याची इच्छा नाही त्याला दाखल करायचं तर कलम ८९ आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी केलेली आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. मुदत ३० दिवस. पुढे ठेवायचं तर परत कायद्याची प्रक्रिया. साखळीने बांधणं कुठल्याही परिस्थितीत बेकायदा. रात्री चार धटिंगण जीपमधून येतात, दंडाला धरून नेतात, तीन महिने फोन नाही, भेट नाही, याला या कायद्यात कुठेही जागा नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी केंद्रात जाऊन विचारा: नोंदणी कुठे आहे, दाखवा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? भेट कधी देता? मध्येच घरी न्यायचा झाला तर उरलेले पैसे परत करणार का, हे लेखी द्या. ज्या केंद्रात आतली खोली बघू देत नाहीत तिथे एक रुपया देऊ नका. बाहेर बगीचा कसा आहे यावर जाऊ नका.

आणि एक. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातीतल्या पुड्या जेवणात घालू नका. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर तो प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो. हे मी ऐकीव सांगत नाही, असे रुग्ण आमच्याकडे येतात.

बारा पायऱ्या

मी दारूडा आहे, आज प्यायलेलो नाही. दोन्ही प्रकारची केंद्रं आतून पाहिलीत म्हणून लिहितो.

एका केंद्रात पोटभर मार होता. नव्याने आलेल्याला संडास धुवायला लावायचे आणि त्याला "अहंकार तोडणं" म्हणायचे. तिथून बाहेर पडल्यावर मी आधी दुकानात गेलो, मग घरी. दुसऱ्या ठिकाणी माझ्याशी कुणी आवाज चढवला नाही. समुपदेशक स्वतः कधीकाळी पिणारा. माझं खोटं त्याला पहिल्या वाक्यातच कळायचं. तिथे मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर खरं बोललो.

कृष्णाकाठ, तुमच्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. तुम्ही निवासी उपचाराला फक्त कुलूप आणि सतरंजी समजताय. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून ते सुरू केलं. तिथे बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, महिला रुग्णांचा वेगळा विभाग आहे. मुंबईत फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे. अशा ठिकाणी राहणं म्हणजे कोंडणं नव्हे. पाच आठवडे दोस्तांपासून, दुकानापासून लांब, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. माझ्यासारख्याला ते ओपीडीतल्या गोळीने मिळालं नसतं.

पण माणसाची तयारी नसेल तर सगळं फुकट. मनाविरुद्ध आणलेले मी शेकड्याने पाहिलेत, गेटबाहेर पडले की संपलं.

वॉर्डसिस्टर

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. "त्याची तयारी झाली की आणू" म्हणत थांबलेली घरं मी लिव्हर पूर्ण गेल्यावर वॉर्डात बघते. बायकोच्या धाकाने आलेला, नोकरी जाईल म्हणून आलेला, असाही माणूस सुधारतो. तयारी उपचार चालू असताना तयार होते. नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्यांनी ओढ कमी होते, लिव्हरच्या तपासण्या करून त्या देतात. एए आणि गोळी यांत भांडण लावायची गरज नाही. काही मिटिंगांत "गोळी घेतोस म्हणजे अजून सुटलेला नाहीस" असं ऐकवतात आणि रुग्ण औषध सोडतात. ते थांबायला हवं.

पॉलिसीवाला

पैशांबद्दल धागा आहे म्हणून विम्याचं लिहितो, याच कामात आहे.

२०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं. व्यसन त्या कायद्याच्या व्याख्येत येतं. पण विमा नियामकाने २०१९ मध्ये पॉलिसीत चालणाऱ्या अपवादांची जी प्रमाणित भाषा दिली, त्यात बारावा अपवाद आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम. तुमच्या पॉलिसीत 'अपवाद' या भागात "एक्सक्लुजन १२" शोधा, बहुतेक सापडेल. याच ओळीवर दावे नाकारले जातात, सिरॉसिसचेसुद्धा (लिव्हर निकामी करणारा आजार). एका हाताने कायद्याने दिलं आणि दुसऱ्या हाताने नियमाने काढून घेतलं, हा उघड अन्याय आहे आणि कुणीतरी तो न्यायालयात शेवटपर्यंत लढवायला हवा.

तोवर एवढं करा: दावा तोंडी नाकारला तर ऐकून घेऊ नका, नकार लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, आणि महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी घेताना दारूबद्दल खोटं मात्र लिहू नका, मग लोकपालही काही करू शकत नाही. नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्यांपायी कुणी कर्जबाजारी होत नाही. घर बुडतं ते राहण्याच्या फीमुळे, आणि तीच विम्यातून मिळत नाही. म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा.

वऱ्हाडी

तुमी सारे पुण्या-मुंबईचंच बोलून राह्यले जी. आमच्याकडून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं तर दिवस जातो, मजुरी बुडते, मंग दर महिन्याले फॉलोअप कोण करन? २०१९ ची केंद्र सरकारची पाहणी हाये, एम्सच्या लोकायनं केलेली: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जनांपैकी एकालेच काही ना काही उपचार भेटते, भरती होऊन तर १८० मंधून एकाले. जागाच नाही त "सरकारी की खाजगी" हा वादच काहून करता?

गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून हाये. तिथं दारू-तंबाखू सोडवायचं काम करनाऱ्या मुक्तिपथवाल्यायनं तालुक्याच्या गावाले व्यसन उपचाराचं क्लिनिक चालू केलं, गावात शिबिरं घेते. मानूस बसच्या टप्प्यात असला की पेशंट येते. सरकारनं हेच साऱ्या राज्यात करावं, दारूवरचा कर त सरकारच घेते न बाप्पा!

मांडवी

वऱ्हाडी, तुमचं खरं आहे, त्याला गोव्यातला पुरावा जोडते. संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित केलेल्या साध्या समुपदेशकांकडून, डॉक्टर नसलेल्या, मोजक्या बैठकांचं समुपदेशन करून पाहिलं. जास्त पिणारे पुरुष होते. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा समुपदेशन मिळालेल्यांचं पिणं आटोक्यात आलं, वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकलेला होता. लॅन्सेट आणि पीएलओएस मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलंय. पण हे पूर्ण अवलंबून झालेल्यांसाठी नव्हतं, आधीच्या टप्प्यातल्यांसाठी होतं. कृष्णाकाठ यांच्या नात्यातला मुलगा सकाळी उठल्याउठल्या पीत असेल तर समुपदेशनावर थांबू नका.

कृष्णाकाठ

सकाळी पितो. हात थरथरतात.

सिस्टर आणि मांडवीताईंचं वाचून मी दोन गोष्टी पक्क्या केल्यात. पहिला आठवडा रुग्णालयातच, आणि त्या केंद्राच्या जीपला घरात पाय ठेवू द्यायचा नाही. निवासी उपचार लागला तर धर्मादाय संस्थेत नंबर लावू, केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही आहेत, त्यांचा पत्ता १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर मिळतो. नंबर लागेपर्यंत ओपीडी. पण सोनं गहाण टाकायला माझा विरोध कायम आहे. सावलीताई, तुमच्या मुलीचं वाचून गलबललो, तरीही. हंगाम गेला तर हे घर व्याजही फेडू शकणार नाही.

सावली

नंबर लागेपर्यंत ओपीडी, ठीक. नंबर लागेपर्यंत त्याची बायको कुठे राहणार, याचं उत्तर अजून दिलं नाहीत.

आणि दुसरं. सोनं कुणाचं आहे?

कृष्णाकाठ

वहिनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. माहेरचं आहे.

सावली

मग या चर्चेत ती कुठे आहे? सासू म्हणते गहाण टाका, तुम्ही म्हणता टाकू नका, आणि दोघेही तिच्याच पाटल्यांबद्दल बोलताय. ते स्त्रीधन आहे, निर्णय तिचा. तिला एकटीला बसवून विचारा, सासूसमोर नको. कदाचित ती म्हणेल केंद्रात टाका. कदाचित म्हणेल मला माहेरी जाऊ दे, सोनं माझ्यासोबत राहू दे आणि उपचाराचा खर्च ज्यांच्या नावावर बाग आहे त्यांनी करावा. बाग सासऱ्यांच्या नावावर असेल ना? मग कर्ज त्यांच्या नावावर निघू दे.

वॉर्डसिस्टर

सावलीताईंना पूर्ण पाठिंबा. वहिनींना ओपीडीत एकटंही यायला सांगा, नवरा आला नाही तरी चालेल. नातेवाइकांशी आम्ही वेगळं बोलतो. तिला मारहाण होत असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. पुढे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करायचा झाला तर तो कागद लागतो.

कृष्णाकाठ

आज संध्याकाळी वहिनीच्या भावाशी बोलतो.

सावली

भावाशी नको. तिच्याशी बोला.