पुण्यात पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने घेतोय, मालक म्हणतात नोटरीच करू. काय करावं?

बार्शीची_लेक
नमस्कार, मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, यंदा हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी कर्वेनगरात २ बीएचके बघितला, भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार आणि एजंटला एक महिन्याचं भाडं. फ्लॅट आवडलाय पण एजंट म्हणतो आजच १० हजार टोकन द्या नाहीतर उद्या दुसरी पार्टी येतेय, आणि मालक म्हणतात रजिस्टर वगैरे नको, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, तुमचाच खर्च वाचेल. बाबा म्हणाले आपण कधी भाड्याने राहिलोच नाही, तूच विचार चार जणांना. माझ्या वाट्याचे २५ हजार आईने भिशी उचलून दिलेत, म्हणून जीव धाकधूक करतोय.

जुना_भाडेकरू
नोटरीला हो म्हणू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे तुमचा हा भाड्याचा करार) लेखी आणि रजिस्टर झालाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. खर्च म्हणशील तर ११ महिन्यांच्या तुमच्या आकड्यांवर स्टॅम्प ड्युटी ७०० च्या आत बसते, नोंदणी फी १०००, वर करून देणाऱ्याचे पैसे, तिघींत वाटून घ्या. आता ऑफिसात जावंही लागत नाही, माणूस घरी मशीन घेऊन येतो, अंगठा आणि फोटो, झालं. टोकन एजंटच्या हातात देऊ नकोस, मालकाच्या खात्यावर टाक, आणि त्याआधी लाईट बिल नि टॅक्स पावतीवर त्यांचंच नाव आहे का बघ.

सातारी_मिरची
आमचे डिपॉझिटमधले ११ हजार पेंटिंगच्या नावाखाली गेले गं. कपाटामागच्या भिंतीला ओल आम्ही यायच्या आधीपासून होती, पोपडे निघालेले, पण फोटो एकही नव्हता मग काय बोलणार. सामान टाकायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ, कपाटं उघडून, सिंकच्या खालीसुद्धा, आणि मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲप कर. मीटरच्या रीडिंगचा पण फोटो. आणि फ्लॅट दुपारी बघून ठरवू नकोस, पाणी यायच्या वेळेला जा.

काकू_कोथरूड
बाळा, मी स्वतः मुलींना फ्लॅट देते म्हणून सांगते, करारात तिघींची नावं घाल. एकीच्याच नावावर केलं आणि बाकीच्या दोघी मध्येच गेल्या तर पूर्ण भाडं तिच्या गळ्यात पडतं. लॉक-इन (म्हणजे मध्येच सोडता येणार नाही असे) किती महिने, नोटीस किती दिवसांची, पेंटिंगचे किती कापणार, डिपॉझिट किल्ली देताना की नंतर, हे सगळं लिहून घे, तोंडी काही ठेवू नकोस. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती कळवणं मालकाचं काम, पण झालं का ते तू विचार. आणि वॉचमनशी बोल, सोसायटीत विद्यार्थिनी चालतात का ते त्याला आधी माहीत असतं.

बार्शीची_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज सकाळी सात वाजताच गेले, पाणी फोर्सने येतंय पण वॉचमनकाका म्हणाले मार्चनंतर टँकर लागतो आणि त्याचे पैसे भाडेकरूकडून घेतात, हे एजंट बोललाच नव्हता. काकू, मालकांना कलम ५५ सांगितलं तर थोडे गप्प झाले मग म्हणाले ठीक आहे, करू रजिस्टर, शनिवारी माणूस बोलावलाय. तिघींची नावं पण घालतायत. पेंटिंगला एक महिन्याचं भाडं कापणार म्हणतात ते मात्र सोडायला तयार नाहीत, ११ महिन्यांसाठी २४ हजार फारच होतात ना, किती म्हणू मी त्यांना?