आत-बाहेर दोन्हीकडे स्ट्रटॉक: पहिल्या ओळीनंतर लूप थांबतो

प्रश्न
सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये कॅरेक्टर ॲरे 'बफ'मध्ये आस्की अंकांच्या तीन ओळी आहेत: १२,४५ मग ७,९ मग ३,८. प्रत्येकीच्या शेवटी न्यूलाइन. बाहेरच्या लूपमधला स्ट्रटॉक (दिलेल्या चिन्हावर मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारं फंक्शन) न्यूलाइनवर तोडतो, आतल्या लूपमधला स्वल्पविरामावर. छापले जातात फक्त १२ आणि ४५. स्ट्रटॉक_आर (त्याचंच, पुढची जागा आपण दिलेल्या पॉइंटरमध्ये ठेवणारं रूप) लावला तर टोकन छापणाऱ्या पहिल्याच पुट्सला सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यामुळे प्रोग्रॅम कोसळतो. ६४-बिट लिनक्स, कंपायलर जीसीसी ११, -एसटीडी=सी९९.

उत्तर १
स्ट्रटॉक पुढची जागा एकाच स्टॅटिक (सगळ्या कॉलना सामायिक) पॉइंटरमध्ये ठेवतो. आतल्या लूपने तो पुसून आपला ठेवला. जीडीबी या डीबगरमध्ये लूप संपल्यावर 'एक्स/१५सीबी बफ' द्या. इंडेक्स २ (स्वल्पविराम) आणि ५ (न्यूलाइन) इथे शून्य बाइट (टोकन संपल्याची खूण) दिसेल, ६ पासून पुढे सगळं जसंच्या तसं. म्हणजे आतला स्ट्रटॉक ५ वरच्या शून्यापाशी संपला, आणि बाहेरच्याला तिथूनच पुढे जायचं असल्याने नल (आता टोकन नाही) मिळाला. स्ट्रटॉक_आर हाच उपाय, पण दोन लूपना दोन वेगळे सेव्ह-पॉइंटर हवेत.

सेगफॉल्टचं कारण शोधायला बफ आणि टोकन, दोन्हींचे पत्ते छापून इथे टाका. प्रिंटएफमध्ये %पी वापरताना (व्हॉइड *) कास्ट विसरू नका.

प्रश्नकर्ता
बफ ७एफएफएफ-ने सुरू होतो. टोकनच्या १६ अंकांतले पहिले ८ नुसते एफ, शेवटचे ८ मात्र बफसारखेच.

उत्तर २
मग निदान झालंच. सी९९ च्या कडक मोडमध्ये स्ट्रिंग.एच स्ट्रटॉक_आर जाहीर करत नाही, कारण ते पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाचं) फंक्शन. जाहीर नसलेलं फंक्शन इंट परत देतं असं कंपायलर धरतो. पत्त्याचे खालचे ३२ बिट उरले, वरचा बिट १ होता, म्हणून साइन-एक्स्टेंड होऊन (६४ बिट करताना तोच वरचा बिट पुढे भरला जाऊन) पुढे एफ भरले. जीसीसी ११ याला फक्त वॉर्निंग देतो, १४ पासून ती थेट एरर आहे. -एसटीडी=जीएनयू९९ द्या, किंवा हेडरच्या आधी _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल असा डिफाइन करा.

प्रश्नकर्ता
जीएनयू९९ ने सहाही आकडे आले. "७,,९" असेल तर मधला रिकामा रकाना का गळतो?

उत्तर १
लागोपाठचे स्वल्पविराम स्ट्रटॉक एकच मानतो, _आर सुद्धा. स्ट्रसेप हे तसंच दुसरं फंक्शन तिथे रिकामी स्ट्रिंग देतं. फक्त ते दिलेला पॉइंटरच पुढे सरकवतं, म्हणून मेमरी मॅलॉकने घेतली असेल तर तिचा मूळ पॉइंटर फ्रीने ती परत करण्यासाठी वेगळा ठेवा.