आईचा मणका दबलाय, सिमेंट भरून घ्यावं काय?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. आईचं वय ७१. बसच्या मागच्या सीटवर बसून खानापूरला येत होती, खड्ड्यात गाडी उसळली आणि आई दणकन सीटवर आदळली, तेव्हापासनं पाठीत कळ. एक्सरेत एल-१ मणक्याचं (कंबरेचा पहिला मणका) कॉम्प्रेशन फ्रॅक्चर निघालं, म्हणजे मणका चेपून मोडलाय. एक डॉक्टर पट्टा लावा म्हणतात, दुसरे लगेच सुईनं मणक्यात हाडाचं सिमेंट भरा म्हणतात. कूस बदलताना ओरडायलीय बिचारी. एवढ्याशा धक्क्यानं हाड मोडतंय काय?

टिळकवाडी_फिजिओ:
हाडं ठिसूळ झाली असतील तर मोडतंय. मणक्याचा पुढचा भाग चेपतो, मागचा तसाच राहतो, म्हणून म्हातारी माणसं पोक काढून चालतात. डी-१२ (छातीचा शेवटचा मणका) आणि एल-१ लाच हे जास्त होतं, कारण छातीचा ताठ भाग आणि हलणारी कंबर तिथंच जुळतात. सिमेंटची घाई करू नका. २००९ मध्ये दोन चाचण्या छापून आल्या, त्यात खरं सिमेंट भरलेले आणि नुसतं भरल्यासारखं केलेले, दोघांनाही आराम जवळपास सारखाच पडला. बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत भरून येतं. काही आठवडे औषध घेऊनही दुखणं सोसवेना तर मग सिमेंटचा विचार. त्याआधी एमआरआय करा, फ्रॅक्चर ताजं की जुनं ते कळतं, टीबी नाहीतर गाठ असली तर तीही दिसते. पायातली ताकद गेली, लघवी अडकली किंवा कळेना झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निपाणीची_सून:
आमच्या सासूबाईंचं असंच झालेलं, तंबाखूच्या रानात वाकून जन्म गेला त्यांचा. दादा, आईंना उठवताना हात धरून ओढू नका. गुडघे वाकवून, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर घ्यायचं, मग पाय खाटेखाली सोडून हातानं रेटा देत बसतं करायचं. आणि सारखं झोपवून ठेवू नका, हाडं आणखी झिजतात. डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून घ्या, सासूबाईंचा त्यातला टी-स्कोर उणे २.५ च्या खाली होता, म्हणजे हाडं ठिसूळ, दुखणं थांबलं तरी हाडाचं औषध चालूच, वर्षातनं एकदा झोलेड्रोनिकचं सलाईन लावतात. त्याआधी किडनी आणि व्हिटॅमिन डी तपासलेलं. माझं ऐका, पाठ दुखायची थांबली म्हणून औषध सोडलं तर दुसरा मणका दबतोय.

जांबोटीकर:
लई उपकार झाले ताई, सर. एमआरआय बेळगावात करून घेतो. झोपताना पट्टा काढायचा काय?

टिळकवाडी_फिजिओ:
होय, पडल्यावर काढा. बसायच्या आधी पडल्यापडल्याच बांधा, मग उठवा.