बॉयकॉट, बहिष्कार आणि वाळीत

परवा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका गावातला पोरगा आमच्या डीटीपीच्या दुकानात फ्लेक्सचा मजकूर घेऊन आला. ओढ्यावर पूल होत नाही म्हणून गावानं मत न देण्याचं ठरवलंय. फ्लेक्सवर वर कन्नड, खाली मराठी. कन्नड ओळ 'मतदान बहिष्कार' अशी तयार होती. मराठीत त्यानं लिहून आणलं होतं, 'मतदानाला बॉयकॉट'. म्हणाला, "मामा, बॉयकॉट ठेवू की बहिष्कार? बॉयकॉटमध्ये जरा जोर वाटतोय."

जोर आहे खरा. आणि मजा अशी की शब्द उकलायला गेलं तर त्यात धातू नाही, प्रत्यय नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली वाईट हंगामांनी टेकीला आलेल्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांच्या पुढं सरकेना, आणि बॉयकॉटनं बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत पार्नेल या पुढाऱ्यानं लोकांना सांगितलं होतं, की बेदखल झालेल्याची जमीन जो घेईल त्याच्यावर हात उचलू नका, रस्त्यात, दुकानात, देवळात त्याला एकटा पाडा. मेयोच्या लोकांनी हीच रीत कारभाऱ्याला लावली. गडी शेतातून निघून गेले, लोहार येईना, धुणंवाली येईना, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा पोरगासुद्धा थांबला.

सुगी अंगावर आलीय, रानात बटाटा तयार आहे आणि काढायला माणूस नाही, हे काय असतं ते उचगाव-कडोलीच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. शेवटी उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणली, त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक आणि पोलीस. पीक सुमारे ५०० पौंडांचं, ते काढायला खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेला असं सांगतात. डिसेंबर उजाडला तसा बॉयकॉट तिथून निघून गेला.

नाव पडलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. या प्रकाराला इंग्रजीत ग्रीकवरून आलेला 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द होता. पण तो आमच्या कुळांना कळायचा नाही, असं तिथले पाद्री जॉन ओमॅली एका अमेरिकन पत्रकाराला म्हणाले आणि त्यांनीच 'बॉयकॉट करणं' हा पर्याय सुचवला, अशी हकीकत आहे. त्याच वर्षी तो लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचला. पुढं फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, सगळ्यांनी तसाच उचलला.

दुकानात आमच्या निवृत्त बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? आपल्याकडे वाळीत टाकणं होतंच की."

इथं मात्र मी अडलो. कृती तीच, पण दिशा उलटी. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे टाकणे, वगळणे. त्यातला हा 'वाळीत'. जात-पंचायत बसते आणि एकट्यादुकट्या घराला बाहेर काढते. मेयोत खालच्यांनी वरच्याला बाहेर काढलं. आपल्या 'बहिष्कार' शब्दाला (बहिस् म्हणजे बाहेर, बाहेर करणे तो बहिष्कार) या दोन्ही दिशा चालतात. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो विलायती मालावर होता. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पत्राला 'बहिष्कृत भारत' नाव दिलं, तेव्हा तोच शब्द ज्यांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं त्यांच्या बाजूनं उभा राहिला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यातही शब्द 'सामाजिक बहिष्कार' हाच आहे.

तेवढ्यात पोरगा सहज बोलून गेला, "आमच्यात एका घराला बॉयकॉट केलाय. पोरानं जातीबाहेर लगीन केलं म्हणून."

मला ते फार लागलं. त्याला तिथंच सांगितलं, याला बॉयकॉट म्हणू नको. ते वाळीत टाकणं आहे. त्या घरची बाई नळावर आली की बाकीच्या घागरी उचलून बाजूला होतात, हे 'वाळीत' म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर येतं. 'बॉयकॉट' म्हटलं की आंदोलनासारखं वाटतं, करणाऱ्यालाही बरं वाटतं.

वापराचं थोडं. मराठीत बहिष्कार 'घालतात' किंवा 'टाकतात', आणि तो कशावर तरी असतो. आपल्या भागात 'बहिष्कार केला' सर्रास ऐकू येतं. कन्नडमधलं 'बहिष्करिसु' आणि हिंदीतलं 'बहिष्कार करना' रोज कानावर पडतं, त्याचा तो परिणाम असावा. बोलताना मी खोड काढत नाही, छापताना दुरुस्त करतो. बॉयकॉट मात्र 'करतात', आणि 'ला' लावून: मालाला बॉयकॉट केला.

फ्लेक्सवर अखेर 'पूल होईपर्यंत मतदानावर बहिष्कार' असं घेतलं. वरच्या कन्नड ओळीतही तोच शब्द, त्यामुळं खालची ओळ न वाचणाऱ्यालाही कळतं. पोरगा पैसे देऊन निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "मामा, त्या घरचं चुलत्याला सांगून बघतो."