नीटच्या अर्जात एनटी-सी (भटक्या जमाती-क, राज्यातला धनगरांचा प्रवर्ग) दिसत नाही, काय निवडायचं?

प्रश्न: मुलगी पुण्यात बारावीला, जात धनगर. खुला प्रवर्ग भरावा का?

उत्तर १: अजिबात नको. नीटला केंद्राची यादी चालते, धनगर तिथे ओबीसीत येतात. उत्पन्नात बसत असाल तर ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्नमर्यादेत बसणारे ओबीसी) निवडा. दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला, वेगळा काढा.

उत्तर २: राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) अर्जात एनटी-सीच. तिथे जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र, लागते. पुण्याच्या पडताळणी समितीकडे प्रस्ताव अकरावीतच टाकलेला बरा. भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आजोबांचा शाळेचा दाखला सापडेना की प्रकरण अडकलंच. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेही बघा.

उत्तर ३: एसईबीसीवाल्यांनी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) नीटला ओबीसी भरू नये, तो प्रवर्ग फक्त राज्याचा.