बिऱ्हाड हलवताना बांधाबांध कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न

पुढील महिन्याच्या अखेरीस आम्हाला राहते घर सोडून नव्या घरी जायचे आहे. घरात आम्ही दोघे, शाळकरी मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. हाताशी पाच आठवडे असले, तरी दोघांच्याही नोकऱ्यांमुळे सलग वेळ सुटीच्याच दिवशी मिळतो. मागच्या खेपेस सगळी बांधाबांध शेवटच्या दोन दिवसांत उरकली आणि पलंगाचे स्क्रू तीन आठवड्यांनी पिठाच्या डब्यांच्या खोक्यात सापडले. तोवर आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपत होतो. पुस्तके पुष्कळ आहेत, शिवाय फ्रिज आणि समोरून दार असलेले वॉशिंग मशीन आहे. सुरुवात कोठून करावी आणि रोजचे स्वयंपाकघर केव्हा आवरावे?

पहिले उत्तर

खोलीमागून खोली रिकामी करण्यापेक्षा वापराच्या क्रमाने जावे, असा माझा अनुभव आहे. माळ्यावरचे सामान, ऋतूबाहेरचे कपडे, शोभेच्या वस्तू आणि पुस्तके पहिल्या दोन सुट्यांत बांधून होतात, आणि त्यांच्यावाचून कोणाचे काही अडत नाही. मात्र जे टाकायचे किंवा देऊन टाकायचे आहे, ते बांधण्याआधीच वेगळे काढा; नको असलेली वस्तू कागदात गुंडाळून, वाहून नेऊन, नव्या घरात पुन्हा माळ्यावर चढवण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे.

पुस्तके लहान खोक्यांतच भरावीत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की ते उचलणाऱ्याची कंबर धरते, नाहीतर खोक्याचा तळ तरी सुटतो. मोठ्या खोक्यांत उशा, पांघरुणे यांसारख्या हलक्या वस्तू घालाव्यात. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि नव्या घरातील खोलीचे नाव बाजूला लिहावे, वर नव्हे. एकावर एक रचल्यावर वरचे अक्षर दिसतच नाही. आत काय आहे हे त्या क्रमांकापुढे वहीत टिपून ठेवावे. स्क्रूंबाबत म्हणाल, तर ज्या वस्तूचे असतील ते पिशवीत घालून त्याच वस्तूला चिकटपट्टीने घट्ट बांधावेत.

दुसरे उत्तर

यंत्रांविषयी थोडे लिहितो. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा आणि आतून पुसून घ्यावा. तो शक्यतो उभाच न्यावा, कारण आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांमध्ये उतरू शकते. उभा नेला तरी पोहोचल्यावर दोन-तीन तास थांबून मगच सुरू करावा. आडवा न्यावाच लागला, तर निदान जितका वेळ आडवा होता तितका वेळ त्याला उभा राहू द्यावे.

वॉशिंग मशीन नवे आले तेव्हा त्याच्या मागील बाजूस ड्रम जखडून ठेवणारे लांब बोल्ट होते, ते आपण जपून ठेवले आहेत का, हे आजच शोधा. ते लावल्याविना वाहतूक केल्यास ड्रम आतल्या आत आदळतो, आणि ते काढायचे विसरून मशीन सुरू केल्यास त्याहून मोठे नुकसान होते. वायरी काढण्यापूर्वी टीव्हीच्या मागील बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे.

तिसरे उत्तर

पहिल्या उत्तरातील वहीचा सल्ला चांगला आहे, परंतु बारीक यादीत वेळ फार जातो. माझ्या मते खोक्यातील तीन-चार मुख्य वस्तू लिहिल्या तरी पुरे. स्वयंपाकघर शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा. मोजकी भांडी बाहेर ठेवून बाकीची बांधा, आणि ताटल्या आडव्या न रचता कागदात गुंडाळून उभ्या ठेवा, म्हणजे हिसक्याने फुटत नाहीत. सासूबाईंची औषधे, मुलीचा गणवेश व दप्तर, अंथरूण, मोबाइलचे चार्जर, साबण, कात्री आणि पेचकस एवढे एका वेगळ्या पिशवीत भरून ती स्वतःजवळ ठेवा. कागदपत्रे आणि दागिने सामानाच्या गाडीत चढवूच नयेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बोल्ट सापडले, मशीनच्या माहितीपुस्तिकेबरोबर एका पिशवीत होते. आता अडचण कपाटाची आहे. नव्या घराचा जिना वळणाचा असून ते वळेल असे वाटत नाही.

तिसरे उत्तर देणारा

कपाटाची उंची, रुंदी आणि खोली तिन्ही मोजा, आणि जिन्याच्या वळणावरील मोकळी जागा कठड्यापासून भिंतीपर्यंत तसेच वरच्या छतापर्यंत मोजा. कपाट तिरके करावे लागते, त्यामुळे नुसती रुंदी पाहून फसगत होते. लाकडी असल्यास दारे आणि फळ्या काढून ते सुटे होते का, हे सुताराला आधीच दाखवावे. अखंड लोखंडी असेल आणि माप बसत नसेल, तर त्याला गिऱ्हाईक शोधायला आपल्याकडे अजून चार सुट्या आहेत.